चलत्प्रतिमा : कलादालन आणि चित्रपटगृह यांच्या दरम्यान

मुंबईत १९६९ साली चित्रकार अकबर पदमसी यांनी १६ मिलिमीटर फिल्मवर जेमतेम सहा मिनिटांचा एक चित्रपट तयार केला. त्याचे नाव ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. स्वतःच्याच एका तैलचित्रातील आकार त्यांनी स्टेन्सिल आणि स्लाइड प्रोजेक्टर यांच्या साहाय्याने प्रकाशरूपात पुन्हा उभे केले आणि बोलेक्स कॅमेऱ्याने टिपले. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक संगीत गीता साराभाई यांनी रचले. या चित्रपटाची प्रत एकच होती. पुढे दिल्लीतील एका प्रदर्शनासाठी ती पाठवण्यात आली आणि वाटेत कुठेतरी गहाळ झाली. पदमसी यांची तैलचित्रे लिलावात कोट्यवधी रुपयांना विकली गेली, त्यांच्या रेखाटनांचीही जपणूक झाली. मात्र या सहा मिनिटांचा पत्ता पुन्हा लागला नाही.

ही केवळ एका पार्सलाची गफलत नव्हती. चित्रकाराने केलेला चित्रपट हा चित्रपटसंस्थेच्या दृष्टीने ‘चित्रकाराचा उद्योग’ होता आणि कलादालनाच्या दृष्टीने ती भिंतीवर टांगता किंवा विकता येणारी वस्तू नव्हती. म्हणून त्याची दुसरी प्रत काढून ठेवण्याची, नोंद करण्याची किंवा जपणूक करण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती. कलावंतांच्या चलत्प्रतिमांचा भारतातील इतिहास या दोन घरांच्या मधल्या जागेत घडला आहे. त्या जागेने कलावंतांना मोकळीक दिली आणि त्याच जागेत अनेक कलाकृती विस्मृतीतही गेल्या.

संज्ञा आणि स्वरूप

चित्रकार, शिल्पकार किंवा स्वतंत्र चित्रपटकार यांनी कलाकृती म्हणून केलेल्या, फिल्म, व्हिडिओ किंवा संगणकीय माध्यमातील हलत्या चित्रांना ‘कलावंतांची चलत्प्रतिमा’ म्हणता येईल. तिला कथानक असेलच असे नाही. ती दोन मिनिटांची असू शकते, तशी चोवीस तासांचीही असू शकते. कथापट, माहितीपट आणि सचेतपट या परिचित प्रकारांशी तिचे नाते आहे, परंतु त्यांपैकी कोणत्याही एका चौकटीत ती पूर्णपणे बसत नाही.

चित्रपटगृह आणि कलादालन यांतील भेद पाहण्याच्या रीतीतला आहे. चित्रपटगृहात वेळ ठरलेली असते, अंधार असतो, प्रेक्षक एकाच जागी बसतो आणि आरंभापासून शेवटपर्यंतचा प्रवास दिग्दर्शकाने आखलेला असतो. कलादालनात प्रेक्षक चालत असतो. तो कलाकृतीच्या मध्यावर आत शिरतो, हवे तेव्हा बाहेर पडतो, परत येतो. त्यामुळे तेथील चित्रफीत बहुधा आवर्तनात, म्हणजे संपताच पुन्हा सुरू होईल अशा रीतीने, चालवली जाते. एका पडद्याऐवजी दोन, चार किंवा आठ पडद्यांवर वेगवेगळी दृश्ये एकाच वेळी दाखवता येतात. पडदा, प्रक्षेपक, ध्वनी आणि दालनातील वस्तू यांची एकत्रित रचना असेल तर तिला मांडणशिल्प म्हणतात.

दुसरा भेद अर्थकारणाचा आहे. चित्रपट जितक्या जास्त प्रेक्षकांपर्यंत पोहोचेल तितका त्याचा खर्च भरून निघतो, म्हणून त्याच्या प्रती वाढवल्या जातात. कलाबाजाराचे मूल्य दुर्मीळपणावर उभे असते. तेथे एकाच व्हिडिओच्या तीन, पाच किंवा सहा अधिकृत प्रती ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून प्रमाणपत्रासह विकल्या जातात. वास्तविक व्हिडिओची हजारावी प्रतही पहिल्या प्रतीइतकीच अस्सल असते. तरीही तिच्यावर कृत्रिम मर्यादा घालावी लागते.

आरंभी भिंत नव्हती

मराठी मुलखात चित्रकला आणि चित्रपट यांची फारकत मुळातली नाही. धुंडिराज गोविंद फाळके हे १८८५ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण आणि शिळाप्रेस यांचा अनुभव घेऊन ते चित्रपटाकडे वळले. ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ च्या चित्रपटापूर्वी त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखवली होती. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ती फीत भांडवल उभारण्यासाठीचे प्रात्यक्षिक होती. तिच्यात नट नव्हते आणि कथाही नव्हती. काळ आणि आकार एवढाच तिचा विषय होता.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता स्वदेशी कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आडनावाच्या जागी व्यवसाय लावणाऱ्या या कलावंताला रंगाचा कुंचला आणि कॅमेरा ही दोन वेगळ्या घरांची साधने वाटली नाहीत. चित्रपट हा मोठा उद्योग झाला तेव्हा चित्रकाराच्या वाट्याला नेपथ्य, जाहिरातफलक आणि श्रेयनामावली एवढेच उरले. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत चित्रपटांची होर्डिंगे रंगवून पोट भरले, तर तय्यब मेहता यांनी कलाशाळेत जाण्यापूर्वी संकलन विभागात काम केले.

याच सुमारास, १९२० च्या दशकात, युरोपात चित्रकार उलट दिशेने चित्रपटाकडे येत होते. हान्स रिश्टर आणि व्हायकिंग एगेलिंग यांनी चौकोन, रेषा आणि त्यांची लय एवढ्याच सामग्रीवर लघुपट केले. फर्नां लेजे यांचा ‘बाले मेकानिक’ १९२४ मध्ये आला, तर मार्सेल द्युशाँ यांनी १९२६ मध्ये फिरत्या चकत्यांचा ‘आनेमिक सिनेमा’ केला. अमेरिकेत १९६४ मध्ये अँडी वॉरहॉल यांनी एम्पायर स्टेट बिल्डिंगकडे कॅमेरा स्थिर रोखून ‘एम्पायर’ केला. आठ तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटात इमारतीवर रात्र उतरण्यापलीकडे फारसे काही घडत नाही.

या चित्रपटांना प्रचलित चित्रपटगृहे घेत नव्हती. म्हणून १९६० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये आणि १९६६ मध्ये लंडनमध्ये चित्रपटकारांनी स्वतःच्या सहकारी संस्था उभारल्या. कोणीही ठरावीक भाडे भरून प्रत न्यावी आणि दाखवावी, ही त्यांची रीत होती. त्या वातावरणाची साक्ष अँथनी मॅकॉल यांची ‘लाइन डिस्क्राइबिंग अ कोन’ ही १९७३ ची कलाकृती देते. तीस मिनिटांत पडद्यावर एक बिंदू हळूहळू पूर्ण वर्तुळ होतो. परंतु पाहायचे असते ते प्रक्षेपकापासून पडद्यापर्यंत हवेत घडत जाणारा प्रकाशाचा शंकू. जुन्या गोदामांतील धूळ आणि प्रेक्षकांच्या सिगारेटींचा धूर यांमुळे तो शंकू दिसत असे. तीच कलाकृती स्वच्छ कलादालनात आली तेव्हा प्रकाश दिसेनासा झाला आणि कृत्रिम धुक्याचे यंत्र आणावे लागले. घर बदलले की कलाकृतीही बदलते, याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

सरकारी पडद्यावरचे चित्रकार

भारतात अशा प्रयोगांना पहिला मोठा आधार मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे माहितीपट आणि वार्तापट मुख्य चित्रपटापूर्वी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. धरणे, लसीकरण आणि कुटुंबनियोजन यांची माहिती देणाऱ्या या यंत्रणेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रयोगांना वाव मिळाला. त्यामागे झाँ भावनगरी यांच्यासारख्या जाणत्या अधिकाऱ्याचे पाठबळ होते.

हुसेन यांचा ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा १९६७ चा लघुपट त्यातूनच आला. राजस्थानातील गावे, गल्ल्या, जनावरे आणि माणसे यांमधून छत्री, कंदील आणि जोडा अशा वस्तू एखाद्या सुराप्रमाणे पुन्हा पुन्हा येतात. कथा नाही, निवेदनाचा आधार नाही. त्याच वर्षी बर्लिन चित्रपट महोत्सवात त्याला लघुपटासाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. तय्यब मेहता यांनी १९७० मध्ये ‘कूडल’ केला. तमिळमधील या शब्दाचा अर्थ मीलन किंवा संगम. वांद्र्याच्या कत्तलखान्यात त्यांनी टिपलेला कोसळता बैल पुढे अनेक वर्षे त्यांच्या कॅनव्हासवर येत राहिला. चित्रपट हा त्यांच्या चित्रकलेपासून दूर नेणारा आडरस्ता नव्हता, हे त्यावरून कळते.

संस्थेतीलच प्रमोद पती यांनी तर सरकारी चाकोरीत राहून ‘एक्सप्लोरर’ (१९६८) आणि ‘अबिद’ (१९७२) यांसारखे धिटाईचे लघुपट केले. ‘अबिद’मध्ये चित्रकार अबिद सुरती एका खोलीत स्वतः एकेका चौकटीने सरकत राहतात आणि खोली रंगत जाते. मुख्य चित्रपट सुरू होण्याची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकासमोर असे काही येणे ही आज विलक्षण गोष्ट वाटते. कलादालनात कधीही न शिरलेल्या माणसापर्यंत ही कला पोहोचली ती अशी, न मागता.

नेपियन सी रोडवरची कार्यशाळा

अकबर पदमसी यांना १९६९ मध्ये जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्ती मिळाली. त्या पैशातून त्यांनी मुंबईत नेपियन सी रोडवरील सदनिकेत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केली. १६ मिलिमीटरचा कॅमेरा, संकलनाची साधने, छायाचित्रणासाठी अंधारखोली आणि मुद्राचित्रणाचे यंत्र एका छताखाली आले. चित्रकार, छायालेखक, सचेतपटकार आणि चित्रपटकार यांनी एकमेकांची साधने हाताळावीत, हा त्यामागचा साधा विचार होता. नसरीन मोहम्मदी, नलिनी मलानी, छायालेखक के. के. महाजन आणि सचेतपटकार राम मोहन यांचा या कार्यशाळेशी संबंध आला. मणी कौल यांच्या ‘दुविधा’ या १९७३ च्या चित्रपटालाही पदमसी यांचे आर्थिक साहाय्य लाभले. कार्यशाळा १९७२ पर्यंत, जेमतेम तीन वर्षे, चालली.

पदमसी यांचा ‘सिझिजी’ हा येथील पहिला चित्रपट. सुमारे अकरा मिनिटांचा, कृष्णधवल आणि मूक. एका संख्यासूत्रानुसार काढलेल्या बिंदूंच्या आणि रेषांच्या सुमारे हजार रेखाटनांचे राम मोहन यांच्या साहाय्याने सचेतीकरण करण्यात आले. पडद्यावर रेषा जुळतात, तुटतात, नव्याने आकार घेतात. त्यात मानवाकृती नाही आणि पार्श्वसंगीतही नाही. मनोरंजनाच्या सवयीने आलेल्या प्रेक्षकाला तो कठीण गेला, यात नवल नाही. सुदैवाने ‘सिझिजी’ टिकला. त्यानंतरचा ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हरवला, आणि पदमसी यांनी पुढे चित्रपट केला नाही.

कार्यशाळेतील सर्वांत तरुण सहभागी होत्या नलिनी मलानी. १९४६ मध्ये कराचीत जन्मलेल्या आणि फाळणीनंतर भारतात आलेल्या मलानी तेव्हा नुकत्याच सर ज. जी. कलाशाळेतून बाहेर पडत होत्या. १९६९ मध्ये त्यांनी ‘ड्रीम हाउसेस’ केला. कागदी घरांच्या प्रतिकृतीवर रंगीत प्रकाश टाकून एकेक चौकट टिपत त्यांनी नेहरूयुगातील नव्या शहराचे स्वप्न रंगांत मांडले. सात वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांनी त्याच्या शेजारी दुसरी कृष्णधवल फीत ठेवली. तीत एक तरुणी खिडकीतून मुंबईच्या दाटीवाटीच्या वस्तीकडे पाहते. ‘युटोपिया’ या नावाने हे दोन पडदे आज शेजारी शेजारी दाखवले जातात. एकीकडे आखलेले घर, दुसरीकडे प्रत्यक्ष शहर. हा आशय एकाच पडद्यावर, एकापाठोपाठ एक दृश्य दाखवून पोहोचला नसता. दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर असणे हेच त्याचे व्याकरण आहे.

त्या काळात ही कामे फार थोड्यांनी पाहिली. भारतीय आधुनिक कलेचे इतिहास लिहिले गेले ते प्रामुख्याने कॅनव्हासचे. अनेक दशकांनी ही कामे संगणकीय रूपात आणली गेली, संग्रहालयांत पोहोचली आणि भारतात व्हिडिओ कला १९९० च्या दशकात अवतरली या समजुतीला धक्का बसला. तिची मुळे वीस वर्षे मागे, मुंबईतल्या एका सदनिकेत होती.

व्हिडिओ आणि मांडणशिल्प

१९९० च्या दशकात व्हिडिओ कॅमेरे आणि प्रक्षेपक स्वस्त झाले, उपग्रह वाहिन्यांनी घराघरांत पडदे नेले आणि बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतरच्या हिंसाचाराने कलावंतांना माध्यमाचा नव्याने विचार करायला लावला. केवळ कॅनव्हास पुरेसा नाही, असे अनेकांना वाटू लागले. पोखरणच्या १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर मलानी यांनी सआदत हसन मंटो यांच्या फाळणीवरील कथेचा आधार घेऊन ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ हे मांडणशिल्प केले. निर्वासितांनी सोबत आणाव्यात तशा पत्र्याच्या ट्रंका जमिनीवर होत्या आणि त्यांच्या आत मॉनिटर चालू होते; भोवतीच्या भिंतींवर मोठी प्रक्षेपणे होती. ते पाहण्यासाठी वाकावे लागे, फिरावे लागे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात ते दाखवले गेले तेव्हा जुन्या मूर्ती आणि नाणी पाहायला आलेला सामान्य प्रेक्षकही त्यासमोर थांबला.

रणबीर कालेका यांनी याच काळात वेगळी वाट धरली. ‘मॅन थ्रेडिंग अ नीडल’मध्ये इझलवर ठेवलेल्या तैलचित्रावर त्याच माणसाची चित्रफीत अचूक बसेल अशी प्रक्षेपित होते. रंगवलेला माणूस सुईत दोरा ओवताना किंचित हलतो, श्वास घेतो, आणि पुन्हा चित्र होतो. चित्र कुठे संपते आणि चित्रफीत कुठे सुरू होते हे सांगता येत नाही.

माहितीपटाच्या बाजूने कलादालनात आलेले महत्त्वाचे नाव अमर कंवर. त्यांची ‘द लायटनिंग टेस्टिमनीज’ ही कलाकृती २००७ मध्ये जर्मनीतील कासेल येथील डॉक्युमेंटा प्रदर्शनात दाखवण्यात आली. फाळणीपासूनच्या संघर्षांत उपखंडातील स्त्रियांवर झालेले लैंगिक अत्याचार हा तिचा विषय आहे. आठ पडद्यांवर आठ साक्षी एकाच वेळी चालतात. प्रेक्षक एका साक्षीजवळ थांबला की इतर सात सुटत आहेत याची जाणीव त्याला अस्वस्थ करते, आणि शेवटी सर्व पडदे एकत्र येतात. याच सामग्रीची एका पडद्यावर दाखवण्याजोगी, दीर्घ माहितीपटासारखी आवृत्तीही कंवर यांनी केली. कलादालनापर्यंत न पोहोचणाऱ्या गावांत, महाविद्यालयांत आणि सभांत ती दाखवता येते. दोन घरांसाठी दोन रूपे ही तडजोड नाही. कोणाशी बोलायचे आहे याचा तो नेमका विचार आहे.

दोन्ही घरांत वावरणारे

जगभर गेल्या तीन दशकांत ही ये-जा वाढली. स्टीव्ह मॅक्वीन यांना १९९९ मध्ये कलाक्षेत्रातील टर्नर पारितोषिक मिळाले. त्यांच्याच ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ला २०१४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. थायलंडच्या अपिचातपोंग वीरासेथाकुल यांनी २००९ मध्ये ‘प्रिमिटिव्ह’ हे अनेक पडद्यांचे मांडणशिल्प केले आणि त्याच परिसरातील संशोधनातून साकारलेल्या ‘अंकल बूनमी’ या चित्रपटाने २०१० मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पाम दोर पटकावला.

मुंबईत २००७ मध्ये शैना आनंद आणि अशोक सुकुमारन यांच्या पुढाकाराने सुरू झालेला ‘कॅम्प’ हा कलावंतगट या ये-जा करण्याचे ठळक भारतीय उदाहरण आहे. त्यांचा ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ हा २०१३ चा चित्रपट सुमारे ८३ मिनिटांचा आहे. कच्छच्या आखातातून पर्शियन आखातात आणि सोमालियाच्या किनाऱ्यापर्यंत मालवाहू लाकडी गलबते नेणाऱ्या खलाशांनी आपापल्या मोबाइल फोनवर टिपलेली दृश्ये आणि त्यांवर त्यांनीच जोडलेली गाणी यांतून तो बनला आहे. तारवटीपणाची परंपरा असलेल्या गोमंतकीय माणसाला त्यातील समुद्र, शिधा, कंटाळा आणि थट्टा परकी वाटणार नाही. हा चित्रपट महोत्सवांत दाखवला गेला, तसा कलादालनांतही. कॅम्पच्या सहभागाने २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘पाडमा’ या ऑनलाइन संग्रहात पूर्ण झालेल्या चित्रपटांपेक्षा कच्च्या चित्रीकरणाला महत्त्व आहे. तेथे कोणालाही दृश्ये पाहता येतात आणि त्यांवर टिपणे वाचता येतात. प्रत दुर्मीळ ठेवण्याच्या बाजारनीतीला दिलेले ते कृतीतून उत्तर आहे.

गोव्याशी थेट नाते असलेली कलाकृती म्हणजे शाय हेरेडिया आणि शुमोना गोयल यांचा ‘अ‍ॅन ओल्ड डॉग्ज डायरी’. १९२४ मध्ये साळगाव येथे जन्मलेले आणि मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत अग्रभागी असलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सौझा यांचे हे सुमारे अकरा मिनिटांचे कृष्णधवल चित्रण आहे. ते चरित्रपट नाही. जन्मसाल, प्रदर्शने आणि किंमती यांची यादी त्यात नाही. वस्तू, लेखन, जागा आणि आठवणी यांच्या तुकड्यांतून एक बंडखोर माणूस जाणवत राहतो. २०१५ च्या लंडन चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट लघुपटाचा पुरस्कार मिळाला. हेरेडिया यांनीच २००३ मध्ये ‘एक्सपेरिमेंटा’ हा प्रायोगिक चित्रपटांचा महोत्सव सुरू केला आणि फिल्म्स डिव्हिजनमधील विसरलेल्या प्रयोगांकडे नव्या पिढीचे लक्ष वेधले.

जपणुकीचा प्रश्न

मर्यादित आवृत्तीच्या पद्धतीवर टीका होते, पण तिची एक जमेची बाजू आहे. ज्या वस्तूला किंमत असते तिची काळजी घेतली जाते. ख्रिश्चन मार्क्ले यांची ‘द क्लॉक’ ही २०१० ची चोवीस तासांची कलाकृती हजारो चित्रपटांतील घड्याळांच्या दृश्यांतून रचलेली आहे आणि ती प्रत्यक्ष वेळेशी जुळवून चालवली जाते. तिच्या मोजक्या प्रती संग्रहालयांनी विकत घेतल्या. लंडनचे टेट, पॅरिसचे पाँपिदू केंद्र आणि जेरुसलेमचे इस्रायल संग्रहालय यांनी तर एक प्रत भागीदारीत घेतली. तिच्या तांत्रिक देखभालीची जबाबदारी आता या संस्थांवर आहे. मात्र ती कधी, कुठे आणि कोणी पाहावी हेही त्याच संस्था ठरवतात.

ज्या कामांना असा खरेदीदार मिळाला नाही त्यांची अवस्था नाजूक आहे. फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने खराब होते. व्हिडिओ टेप त्याहून लवकर निकामी होते, आणि टेप टिकली तरी ती चालवणारे यंत्र मिळत नाही. संगणकीय फायलीही काही वर्षांनी नव्या स्वरूपात उतरवून घ्याव्या लागतात. मांडणशिल्पाची अडचण आणखी वेगळी. जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचासाठी रचलेले काम सपाट पडद्यावर दाखवले तर ते तेच राहते का, याचे उत्तर कलावंताने आपल्या हयातीत लिहून ठेवणे गरजेचे असते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरची दमट हवा ही तर अशा संग्रहांची कायमची शत्रू.

भारतात चित्रपटांची जपणूक १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आहे. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चेही काही भागच तेथे उरले आहेत, यावरून एकूण हानीचा अंदाज येतो. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था २०१४ पासून जुन्या चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाचे काम करते. फिल्म्स डिव्हिजनचे २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. हुसेन, मेहता आणि पती यांचे लघुपट अशा सार्वजनिक संग्रहांत होते म्हणून आज पाहता येतात. पदमसी यांच्या चित्रपटाला असे कोणतेही सार्वजनिक छत्र नव्हते. फरक गुणवत्तेचा नव्हता, आश्रयाचा होता.

पणजीतील एकच आवार

गोव्यात हा विषय नकाशावर दाखवता येतो. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरतो आणि त्याचे एक मुख्य केंद्र जुन्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातील चित्रपटगृहे हे आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाने त्याच आवारातील जुन्या इमारतीत दृश्यकलेची प्रदर्शने भरवली. एक महोत्सव नोव्हेंबरात, दुसरा डिसेंबरात. मांडवीच्या काठावर काही पावलांच्या अंतरावर दोन्ही घरे उभी राहतात. पहिल्या ठिकाणी तिकीट किंवा प्रतिनिधिपत्र घेऊन रांगेत उभा राहणारा प्रेक्षक दुसऱ्या ठिकाणी अंधाऱ्या खोलीच्या दाराशी डोकावून, ‘काही कळत नाही’ म्हणत पुढे जातो, असे पुष्कळदा घडते.

कळण्यासाठी विशेष पांडित्य लागत नाही, पाहण्याची रीत तेवढी थोडी बदलावी लागते. दाराशी लावलेल्या पाटीवर कालावधी लिहिलेला असतो. दहा मिनिटांची चित्रफीत असेल तर दहा मिनिटे बसून ती एकदा पूर्ण पाहणे, हा चित्रपटगृहाकडून घेण्याजोगा गुण. पडदे अनेक असतील तर एका जागी न थांबता फिरून पाहणे, हा कलादालनाचा गुण. मध्येच आत शिरलेल्या प्रेक्षकाने आवर्तन पूर्ण होऊन आपण आलो तो क्षण पुन्हा येईपर्यंत थांबले, तर तेच दृश्य दुसऱ्यांदा वेगळे दिसते. आयोजकांच्या बाजूनेही बसायला बाके, पुरेसा अंधार, शेजारच्या खोलीतला आवाज अडवणारी भिंत आणि मराठी-कोकणीतून दोन ओळींची माहिती एवढी सोय असली तरी पुष्कळ फरक पडतो.

पदमसी यांच्या हरवलेल्या चित्रपटाची कथा २०१६ मध्ये एका वळणावर आली. चित्रपटकार आशिम अहलुवालिया यांनी त्याच नावाचा नवा लघुपट केला. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या पदमसी यांच्या स्मरणावर विसंबून, त्यांच्याच सहभागाने, हरवलेल्या प्रतिमांची नव्याने जुळणी करण्यात आली. व्हेनिस चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, आणि पुढे कलादालनातही मांडला गेला. मूळ चित्रपट जिथे पोहोचू शकला नाही त्या दोन्ही ठिकाणी त्याची आठवण पोहोचली.

अकबर पदमसी यांचे ६ जानेवारी २०२० रोजी निधन झाले. स्मरणातून उभी केलेली प्रतिकृती म्हणजे मूळ कलाकृती नव्हे. ती सांगणारा कलावंत हयात होता आणि विचारणारा कोणीतरी वेळेवर त्याच्यापर्यंत पोहोचला, म्हणून तेवढे तरी हाती लागले. साठ आणि सत्तरच्या दशकांत हातात कॅमेरा घेतलेल्या इतर चित्रकारांच्या फितींचे डबे आजही कुठल्या तरी कपाटांत, माळ्यांवर आणि नातेवाइकांच्या घरी असू शकतात. त्यांच्या प्रती काढणे आणि नोंदी करणे हे काम आज आणि आता करण्याजोगे आहे.